घरातल्या जुन्या ऑडिओ कॅसेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरच्या पेटीत किंवा कपाटाच्या तळाशी कॅसेट सापडल्या की वाचक जे प्रश्न पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. साधे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर, असा क्रम ठेवला आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असल्यास त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कॅसेट कधी आली आणि आपल्याकडे ती घरोघरी कशी पोहोचली?

फिलिप्स कंपनीने ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही छोटी कॅसेट प्रथम लोकांसमोर ठेवली. बेल्जियममधील हॅसेल्ट येथे लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखालील चमूने ती घडवली होती. सुरुवातीला ती मुख्यतः बोलणे टिपून ठेवण्यासाठी होती, संगीताची गुणवत्ता तिला नंतरच्या सुधारणांनी मिळाली. फिलिप्सने इतर उत्पादकांनाही हीच रचना मोकळेपणाने वापरू दिली, त्यामुळे कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही यंत्रात बसू लागली. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३,००० येनला विक्रीस आला आणि कॅसेट खिशात गेली.

आपल्याकडे खरा बदल १९८० च्या दशकात घडला. तोपर्यंत ध्वनिमुद्रिका काढणे हे मोठ्या कंपनीचे काम होते आणि बाजारावर एचएमव्हीचे वर्चस्व होते. कॅसेट स्वस्तात काढता येत असल्यामुळे १९८३ साली सुरू झालेल्या टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, तसेच लहान शहरांतले उत्पादकही पुढे आले. कीर्तन, भारूड, पोवाडे, लावण्या आणि भीमगीते यांना हक्काचा बाजार मिळाला, तर पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायनाच्या कॅसेट काढल्या. पण माझ्या मते या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे टेपरेकॉर्डरवरचे रेकॉर्डिंगचे बटण. त्या बटणामुळे सामान्य कुटुंबाला स्वतःच्या माणसांचा आवाज पहिल्यांदा जपून ठेवता आला.

२. आमच्याकडे शंभरएक कॅसेट आहेत. सुरुवात कोणत्या कॅसेटपासून करावी?

जिची जगात दुसरी प्रत नाही, त्या कॅसेटपासून करावी. बाजारात विकली गेलेली कॅसेट खराब झाली तरी तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाच्या घरी, कंपनीच्या संग्रहात किंवा सीडीवर असण्याची शक्यता मोठी असते. आजीने म्हटलेल्या ओव्या, गावच्या सप्ताहातले कीर्तन, बारशाच्या दिवशी घरात सुरू ठेवलेला टेपरेकॉर्डर, आखातात नोकरीला गेलेल्या माणसाने पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट, हे मात्र त्या एकाच फितीवर असते. म्हणून कॅसेटचे दोन ढीग करावेत, एक छापील वेष्टनाच्या विकत घेतलेल्यांचा आणि दुसरा घरी भरलेल्यांचा. दुसऱ्या ढिगाला आधी हात घालावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. छापील वेष्टनाच्या कॅसेटवरही घरी रेकॉर्डिंग केलेले असू शकते, कारण कोरी कॅसेट हाताशी नसली की लोक जुन्या कॅसेटच्या मागच्या खाचांवर (त्या उघड्या असल्या की रेकॉर्डिंगचे बटण दाबले जात नाही, प्रश्न १३) चिकटपट्टी लावून तिच्यावर भरत असत. अशी चिकटपट्टी दिसली तर ती कॅसेट वेष्टनावर काहीही छापलेले असले तरी दुसऱ्या ढिगात ठेवावी. दुकानातून आपल्या आवडीची गाणी भरून घेतलेल्या कॅसेटचा क्रम शेवटचा लावण्यास हरकत नाही, मात्र फितीच्या शेवटी उरलेल्या जागेत घरचे कुणी बोललेले नाही ना, हे ऐकून पाहावे.

३. कॅसेटवरचे ६०, ९० हे आकडे काय सांगतात?

दोन्ही बाजू मिळून किती मिनिटे मावतात, हे सांगतात. साठच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर आणि नव्वदच्या कॅसेटमध्ये सुमारे १३५ मीटर फीत असते, आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. कवच तेवढेच असल्यामुळे जास्त मिनिटांसाठी फीत पातळ करावी लागते. म्हणून १२० मिनिटांची कॅसेट सर्वांत नाजूक असते. ती वारंवार पुढे-मागे पळवू नये.

४. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट अजून वाजेल का? लावण्यापूर्वी काय पाहावे?

बहुधा वाजेल. १९७० च्या दशकातल्या पुष्कळ कॅसेट आजही चांगल्या वाजतात, कारण फितीचे आयुष्य तिच्या वयापेक्षा ती कोणत्या हवेत राहिली यावर जास्त अवलंबून असते. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली कॅसेट आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत डबीत राहिलेली कॅसेट यांत मोठा फरक पडतो.

लावण्यापूर्वी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीची गुंडाळी पाहावी. तिच्या कडेवर पांढरट पावडर किंवा जाळे दिसल्यास थांबावे आणि प्रश्न ११ पाहावा. त्यानंतर उघड्या बाजूला मध्यभागी असलेली, पातळ धातूच्या पट्टीवर चिकटवलेली फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का ते पाहावे. ती फितीला हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते आणि तिचा डिंक वाळला की ती गळून पडते. गादीशिवाय आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. शेवटी षटकोनी पेन्सिल चक्रात घालून फीत हलक्या हाताने थोडी फिरवावी. ती अडखळत असेल तर यंत्रात घालू नये.

५. नवा कॅसेट प्लेअर घ्यावा की जुना डेक दुरुस्त करून घ्यावा?

हौसेने गाणी ऐकायची असतील तर नवा प्लेअर चालेल. दुर्मीळ कॅसेटसाठी मात्र चांगल्या घडणीचा जुना डेक दुरुस्त करून घेणेच योग्य आहे. आज मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त नव्या प्लेअरमधली यांत्रिक जुळणी एकाच साध्या जपानी रचनेच्या नकलेवर आधारलेली असते. तिचा वेग डळमळतो आणि फीत गुंतण्याचा धोका राहतो. शिवाय नव्या यंत्रांत डॉल्बीची, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या पद्धतीची, सोय सहसा नसते.

जुन्या डेकचे रबरी पट्टे सैल झालेले असतात, ते बदलावेत. हेड, त्याशेजारचा धातूचा बारीक दांडा आणि फितीला पुढे ओढणारे रबरी चाक यांवर तपकिरी थर साचलेला असतो. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. रबरी चाकासाठी किंचित ओले फडके पुरते. दुरुस्त होऊन आलेल्या यंत्रात पहिली कॅसेट अशी लावावी की जी गुंतली तरी दुःख होणार नाही.

६. कॅसेटवरचा आवाज संगणकात कसा घ्यावा?

स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नये. त्यात खोलीतला पंखा आणि रस्त्यावरची वाहनेही मिसळतात. डेकच्या मागच्या लाइन-आउट जोडणीतून वायर काढून ती संगणकाच्या लाइन-इनला किंवा यूएसबीवर चालणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला जोडावी. लाइन-आउट नसलेल्या टेपरेकॉर्डरवर हेडफोनच्या छिद्रातून, आवाज मध्यम ठेवून, काम भागते. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपातच घ्यावी. सीडीच्या दर्जाने एका मिनिटाला साधारण १०.५ एमबी लागतात, म्हणजे साठची कॅसेट सुमारे ६३५ एमबीत मावते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवले आहेत. एकमेव प्रतीच्या कॅसेटसाठी मी तोच आग्रह धरेन, कारण मिनिटाला १७ एमबी ही आज अडचणीची गोष्ट नाही. कुटुंबीयांना पाठवण्यासाठी एमपी३ वेगळी करावी. आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठ्या आवाजालाही तांबडी रेषा लागणार नाही. एकदा कापला गेलेला आवाज परत मिळत नाही.

खरखर काढणे, आवाज खुलवणे वगैरे सर्व नंतर आणि प्रतीवरच करावे. मूळ फाइलला हात लावू नये. तिच्या प्रती किमान दोन वेगवेगळ्या जागी असाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर. आणि फाइलच्या नावात फक्त क्रमांक न घालता कोण बोलते आहे, कुठे आणि साधारण कोणत्या वर्षी, हे लिहावे. आवाज ओळखणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर हे काम त्यांच्याशेजारी बसून उरकावे, कारण यंत्राच्या चुका पुढे सुधारता येतात, पण कीर्तनात टाळ कोण धरत होते हे सांगणारा दुसरा कुणी पुढे मिळत नाही.

७. कॅसेट वाजते, पण आवाज दबका आणि अस्पष्ट येतो. ती खराब झाली आहे का?

फेल्टची गादी जागेवर असेल (प्रश्न ४) आणि हेड स्वच्छ असेल (प्रश्न ५), तर दोष बहुतेक वेळा फितीचा नसून हेडच्या कोनाचा असतो. फीत आणि हेडवरची बारीक फट यांच्यात अचूक काटकोन असावा लागतो. घरगुती टेपरेकॉर्डरचे हेड अनेकदा किंचित तिरपे असे. त्यावर भरलेली कॅसेट त्याच यंत्रावर उत्तम वाजे, पण दुसऱ्या यंत्रावर दबकी ऐकू येते. आपल्या डेकचे हेड तेवढेच तिरपे केले की श, स, च ही अक्षरे आणि टाळांचा नाद पुन्हा स्पष्ट होतात.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ स्थिती खुणेने नोंदवून, कॅसेट चालू असताना, डाव्या आणि उजव्या स्पीकरचा आवाज एकत्र (मोनो) करून ऐकत तो अगदी थोडा थोडा फिरवावा आणि आवाज जेथे सर्वांत उघडा लागेल तेथे थांबावे. प्रत घेऊन झाल्यावर स्क्रू मूळ जागी आणावा. ही जुळणी प्रत घेण्यापूर्वीच करायची असते. हेडने जे टिपलेच नाही ते सॉफ्टवेअर नंतर आणू शकत नाही.

याच्या उलट, आवाज गरजेपेक्षा चरचरीत असेल तर ती कॅसेट डॉल्बी लावून भरलेली असू शकते. तशी खूण वेष्टनावर असल्यास डेकवर डॉल्बी सुरू करावी. साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला ते लावू नये.

८. आजोबांचा आवाज पातळ आणि घाईचा ऐकू येतो. ते असे बोलत नसत. काय झाले असेल?

रेकॉर्डिंगच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असावेत. सेल उतरले की मोटर हळू फिरते, फीत सावकाश सरकते आणि तीच फीत पुढे योग्य वेगाने वाजवली की आवाज भराभर आणि वरच्या पट्टीत येतो. प्रथम एखादी विकत घेतलेली, ओळखीची कॅसेट लावून आपल्या डेकचा वेग बरोबर असल्याची खात्री करावी, मग दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये करावी. ती करताना वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारी सोय निवडावी, फक्त लय बदलणारी नव्हे.

किती बदलावे, हे ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. रेकॉर्डिंग विजेवर केले असेल किंवा जवळ विजेची उपकरणे असतील तर त्यात ५० हर्ट्झची गुणगुण उतरलेली असते. ती आज ५३ हर्ट्झवर दिसत असेल तर वेग सुमारे ५.७ टक्क्यांनी कमी करावा. आपल्या डेकची स्वतःची गुणगुणही आलेखात दिसते, पण ती बरोबर ५० वर असते, तिच्याशी गल्लत करू नये. त्या काळी वीजपुरवठ्याची वारंवारिता थोडी ढळत असे, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. रेकॉर्डिंगमध्ये पेटी वाजत असेल तर तिचे स्वर स्थिर असतात. आजोबा काळी एकमध्ये गात असत की पांढरी चारमध्ये, हे त्यांच्या साथीदारांपैकी कुणाला आठवत असेल, तर त्या पट्टीवर आवाज आणून ठेवता येतो. सेल रेकॉर्डिंग चालू असताना उतरत गेले असतील तर चूक शेवटाकडे वाढत जाते. अशा वेळी ध्वनिमुद्रणाचे तुकडे करून प्रत्येकाचा वेग वेगळा सुधारावा लागतो.

९. मध्येच कुणी तरी उलटे बोलत असल्यासारखा आवाज येतो. हे काय आहे?

उलटा आवाज दोन कारणांनी येतो. मुख्य आवाजाच्या मागे तो पुसट ऐकू येत असेल, तर हेड थोडे वर-खाली सरकून दुसऱ्या बाजूचा पट्टाही वाचत आहे, किंवा कॅसेटचे कवच वाकल्याने फीत सरकली आहे. फीत चांगल्या कवचात घालून पाहावी (प्रश्न १०). मुख्य आवाजच नाहीसा होऊन त्याजागी उलटा व दबका आवाज येत असेल, तर फितीला आत पीळ पडला आहे. तिची मागची बाजू हेडसमोर आली आहे आणि दुसऱ्या बाजूचे ध्वनिमुद्रण उलटे वाचले जात आहे. कवच उघडून पीळ काढला की दोन्ही बाजू पूर्ववत होतात.

१०. फीत गुंतली, तुटली किंवा गादी पडली, तर घरी दुरुस्ती करता येते का?

हात स्थिर असेल तर येते. गुंतलेली फीत ओढू नये. यंत्र बंद करून ती बोटांनी सोडवावी आणि पेन्सिलीने सावकाश गुंडाळावी. चुरगळलेल्या जागी आवाज क्षणभर बसतो, बाकीचा भाग सुखरूप असतो.

तुटलेल्या फितीला साधी चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. त्यासाठी फितीच्या रुंदीची, म्हणजे ३.८१ मिलिमीटरची खास जोडपट्टी मिळते. दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून तिरकी कापावीत, टोकाला टोक भिडवावे आणि जोडपट्टी फितीच्या आतल्या बाजूला लावावी, कारण ध्वनिमुद्रण बाहेरच्या बाजूला असते.

कवचाला स्क्रू असतील तर ते सपाट टेबलावर उघडावे. स्क्रू नसलेले, चिकटवून बंद केलेले कवच सांध्यावर पात्याने हळूहळू उकलावे लागते आणि ते परत वापरता येत नाही. म्हणून स्क्रू असलेली एखादी निरुपयोगी कॅसेट आधीच हाताशी ठेवावी. तिचे कवच, फेल्टची गादी आणि आतले घसरकागद असे सगळेच कामास येते. वाजताना कर्कश करकर करणारी कॅसेटसुद्धा अनेकदा अशा कवचबदलाने शांत होते.

११. फितीवर पांढरी बुरशी आहे. पुसून वाजवू का?

आधी ती कॅसेट इतरांपासून वेगळी करून पिशवीत बंद करावी. बुरशीचे कण श्वासात जाणे आरोग्याला घातक ठरू शकते, म्हणून हाताळताना एन-९५ मास्क व हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे. चांगल्या डेकमध्ये ती लावली तर बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटपर्यंत पोहोचते. फीत पूर्ण कोरडी होऊ द्यावी, मग कोरड्या मऊ कापडातून अगदी हलक्या हाताने फिरवत साफ करावी. एकमेव प्रतीची कॅसेट असेल तर हे काम व्यावसायिकाकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१२. जुन्या फिती भाजल्याने सुधारतात, असे ऐकले आहे. कॅसेट भाजावी का?

भाजू नये. हा उपाय १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या काही विशिष्ट मोठ्या रिळांसाठी आहे, ज्यांचा चिकट थर दमटपणाने ओघळू लागतो. त्या रिळांनाही नियंत्रित तापमानात, तासन्‌तास, फार मंद ऊब दिली जाते. कॅसेटमध्ये हा दोष क्वचित आढळतो आणि घरच्या ओव्हनमध्ये प्लास्टिकचे कवच वाकते.

१३. चुकून वर दुसरे रेकॉर्डिंग झाले. खालचा आवाज परत मिळेल का?

मिळत नाही. रेकॉर्डिंग करताना पुढचे हेड जुना आवाज पुसून टाकते आणि मग नवा भरला जातो. मात्र जेवढ्या वेळ बटण दाबले गेले तेवढाच भाग जातो. त्यानंतरचा भाग आणि दुसरी बाजू शाबूत असते, म्हणून कॅसेट शेवटपर्यंत ऐकावी. उरलेल्या कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन्ही प्लास्टिकचे तुकडे आजच मोडून टाकावेत, म्हणजे रेकॉर्डिंगचे बटण दाबलेच जाणार नाही.

१४. विमानतळावरच्या क्ष-किरण तपासणीने कॅसेट पुसली जाते का?

क्ष-किरणांनी चुंबकीय फीत पुसली जात नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडे कॅसेट नेताना ती हातातल्या सामानात ठेवावी, कारण खरा धोका उन्हात तापलेल्या सामानाचा आणि हरवण्याचा आहे. घरी कॅसेट मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवू नये, त्यात शक्तिशाली चुंबक असतो.

१५. घेतलेल्या प्रती सर्वांसाठी इंटरनेटवर टाकल्या तर चालेल का?

स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत काढणे आणि ती जगासमोर ठेवणे, या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी उपयोगासाठीच्या उचित वापराला सवलत आहे. परंतु प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. १९८५ साली निघालेल्या कॅसेटचा हक्क २०४५ च्या अखेरीपर्यंत राहील, मग ती बाजारात मिळत असो वा नसो.

घरी भरलेल्या कीर्तनाचे काय, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, पण त्याला आधुनिक संगीतकाराने लावलेल्या चालीवर त्याचा वेगळा हक्क असतो. कीर्तनकाराचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो आणि तो पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ५० वर्षे चालतो. म्हणून कीर्तनकाराची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. वारसांकडे अनेकदा एकही कॅसेट नसते, तेव्हा संमती मागताना प्रतही सोबत न्यावी.

१६. प्रत झाल्यावर मूळ कॅसेट टाकून द्यावी का?

घरी भरलेली कॅसेट टाकू नये. उद्या अधिक चांगल्या यंत्रावर तिच्यातून आजच्यापेक्षा स्पष्ट आवाज मिळू शकतो. फीत एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवावी. दमट प्रदेशात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात.

१७. एका कॅसेटमध्ये बोलणेही नाही आणि गाणेही नाही, फक्त सलग किरकिर आहे. ती खराब आहे का?

कदाचित ती संगणकाची कॅसेट असेल. १९८० च्या दशकात झेडएक्स स्पेक्ट्रम किंवा कमोडोर ६४ यांसारखे घरगुती संगणक आपले प्रोग्राम साध्या कॅसेटवर साठवत असत आणि ती माहिती कानाला किरकिर अशीच ऐकू येते. सुरुवातीला काही सेकंद एकसुरी शिट्टी आणि मग खरखरीत कर्कश आवाज असेल, तर शक्यता दाट आहे. अशी कॅसेट प्रश्न ६ प्रमाणे डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्यावी. एमपी३ करू नये आणि खरखर काढण्याची सोय वापरू नये, कारण येथे खरखर हीच माहिती आहे. त्या फाइलमधून मूळ प्रोग्राम वेगळा काढणारी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत आणि तो आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये चालवता येतो. न जमल्यास हेडचा कोन (प्रश्न ७) बदलून पुन्हा प्रत घ्यावी.